आठवड्याला किती किलोमीटर, आणि कुणाचे?

रविवारी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नागपूरच्या फुटाळा तलावाकाठी किंवा नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर गेले की सायकलस्वारांचे थवेच्या थवे दिसतात. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेली रंगीत जर्सी, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा आणि हँडलवर अंतर मोजणारे यंत्र. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्राच्या शहरांत हा हौशी सायकलस्वारांचा एक वर्गच तयार झाला आहे. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, निवृत्त साहेब लोक आहेत. ही मंडळी एकमेकांना भेटली की नोकरी-पगार विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "आठवड्याला किती होते?" किती म्हणजे किती किलोमीटर. लगेच दुसरा, "किती दिवस?"

या प्रश्नाकडे आपल्या चळवळीतला माणूस सहसा 'रिकामटेकड्यांचे चोचले' म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला मात्र हा प्रश्न आपल्याही कामाचा वाटतो. आठवड्याला कोण किती सायकल चालवतो, किती वेळा चालवतो आणि त्यातली कुणाची सायकल मोजली जाते, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की आपल्या समाजाविषयी बरेच काही उघडे पडते. म्हणून आज हा विषय.

आधी हौशी मंडळींचा हिशेब समजून घेऊ. साधारणपणे आठवड्यातले दोन-तीन दिवस सकाळी ऑफिसच्या आधी वीस-पंचवीस किलोमीटर, आणि रविवारी एक मोठी फेरी, पन्नास ते शंभर किलोमीटरची. म्हणजे नियमित चालवणाऱ्याची बेरीज शंभर-सव्वाशेच्या घरात जाते. हे झाले नियमवाल्यांचे. पुष्कळांचा फक्त रविवारच असतो, आणि पावसाळा लागला की तोही नसतो. महागडी सायकल घेऊन ती बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या कामी लावणारेही काही कमी नाहीत!

यातले जे पक्के शौकीन, ते 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतात. फ्रान्समध्ये उगम पावलेला हा प्रकार. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. या चारही फेऱ्या एकाच हंगामात पुऱ्या केल्या की 'सुपर रँडोनियर' ही पदवी मिळते. शर्यत नसते, क्रमांक नसतो. मुदतीत पोहोचायचे एवढेच. महाराष्ट्राने यात चांगले नाव कमावले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच स्पर्धा एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पार पाडली. अशा माणसांचे कौतुक करायलाच हवे. ती वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

परंतु त्याच पहाटे, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी आणखी एक सायकलस्वार उलट दिशेने येत असतो. बारा तासांची रात्रपाळी संपवून घरी निघालेला सिक्युरिटी गार्ड. मळकट निळा शर्ट, हँडलला अडकवलेला रिकामा डबा, चेनचा खडखडाट. त्याला कुणी विचारत नाही, "आठवड्याला किती होते?" आपण विचारू. समजा घर ते ड्युटी आठ किलोमीटर. जाऊन-येऊन सोळा. आठवड्यातले सहा दिवस. झाले शहाण्णव किलोमीटर! सुट्टीचा बदली माणूस आला नाही आणि सातवा दिवसही भरावा लागला, तर एकशे बारा. ताशी पंधरा किलोमीटरच्या चालीने धरले तर आठवड्याला साडेसहा-सात तास तो सायकलवर असतो. रविवारच्या जर्सीवाल्याच्या बरोबरीचे अंतर, आणि दिवस त्याच्या दुप्पट. जर्सीवाला 'सायकलिस्ट' आहे. हा कोण आहे? हा 'सायकलवरून येणारा' आहे.

वर्तमानपत्र टाकणारी पोरे, दुधाचे कॅन लावलेले गवळी, पावबटर विकणारे, चाकूला धार लावणारे, बांधकामावर जाणारे बिगारी, एमआयडीसीत पहिल्या पाळीला पोहोचणारे कंत्राटी कामगार, हे सगळे या 'सायकलवरून येणाऱ्या' जातीतले. यांच्यात आपला माणूस किती आहे, हे वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

हौशी स्वाराचा प्रत्येक मीटर मोजला जातो. २००९ साली अमेरिकेत निघालेले 'स्ट्राव्हा' नावाचे मोबाईलवरचे ॲप आज त्यांच्या खिशात असते. किती अंतर, किती चढ, किती वेग, आठवड्याची बेरीज, मागच्या आठवड्याशी तुलना, मित्रांच्या शाबासक्या, सगळे त्यात. मग शहरात सायकल कोण चालवते, कुठून कुठे चालवते, याचा नकाशा काढायची वेळ आली की असल्या ॲपवरच्या नोंदी हाताशी असतात. ज्याची नोंद आहे त्याची गरज दिसते. ज्याच्याकडे ॲप नाही, त्याचा रस्ता नकाशावर काळाच राहतो.

सरकारने मोजलेच नाही असे नाही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना विचारले गेले, की कामाच्या ठिकाणी कसे जाता आणि ते किती लांब आहे. शंभरातले सुमारे तेरा जण सायकलवर जातात, असे उत्तर आले. संख्येने अडीच कोटींहून अधिक माणसे! त्याच जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल आढळली. अडीच कोटी लोक रोज कामाला सायकलवर जातात, हे जगातल्या कुठल्याही सायकल क्लबपेक्षा मोठे प्रकरण आहे. पण आठवड्यातून किती दिवस, आणि कामाशिवाय स्वतःच्या आनंदासाठी कधी सायकल काढता का, हे कुणी विचारले नाही. ज्याच्या आयुष्यात 'कामाशिवाय' हा रकानाच नाही असे धरले आहे, त्याला तो प्रश्न कोण विचारणार?

पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. शहरभर शेकडो किलोमीटरच्या सायकल मार्गांचे जाळे त्यात रेखाटलेले आहे. प्रत्यक्षात जे मार्ग आहेत त्यांवर कुठे मोटारी उभ्या, कुठे टपऱ्या, कुठे मधेच विजेचा खांब. रविवारी सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो. हौशी माणसाला मार्गाची तितकी निकड नसते. संध्याकाळी साडेसहाला भोसरीहून किंवा हडपसरहून ट्रक-बसच्या मधून घरी परतणाऱ्याला ती असते. सायकल मार्ग कुणासाठी आणि कुठल्या वेळेसाठी आखायचा, याचे उत्तर किलोमीटरच्या बेरजेत नाही. आठवड्यातल्या किती दिवशी आणि कुठल्या तासाला, यात आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मागच्या पिढीच्या प्रगतीत सायकलचा वाटा मोठा आहे. खेड्यातून तालुक्याच्या हायस्कुलात जाणारे विद्यार्थी, खडकी-देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांत जाणारे कामगार, रेल्वेत, पोस्टात, नगरपालिकेत लागलेले आपले वडील-आजोबा सायकलवरच गेले. तासावर भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून शिकलेली ती पिढी. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, आणि डबलसीट सापडले तर दंड. १९८३ साली मान्यवर कांशीरामजींनी डी.एस.फोरच्या कार्यकर्त्यांना घेऊन दिल्लीच्या भोवतालच्या राज्यांतून सायकल यात्रा काढली. शेकडो गावांपर्यंत विचार पोहोचवायला त्यांच्याजवळ पेट्रोलचे पैसे नव्हते, पाय होते. तेच कांशीरामजी त्याआधी पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, आणि बामसेफची पायाभरणी तिथल्याच मुक्कामात झाली.

मग नोकऱ्या स्थिरावल्या. हप्त्यावर स्कूटर आली, नंतर मोटारसायकल, आता दारात चारचाकी. सायकल माळ्यावर गेली किंवा भंगारात. यात चूक काहीच नाही. ज्या वाहनाने गरिबी पाहिली ते वाहन घरातून घालवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्या माणसाच्या मनात एक जुना सल आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. तामिळनाडूतल्या अनेक गावांत सवर्णांच्या गल्लीतून जाताना दलिताने सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यायची, असा दंडक होता, आणि तो स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके चालत राहिल्याच्या नोंदी आहेत. ज्याला सायकलवर बसण्यासाठीच झगडावे लागले, त्याला 'सायकल ही हौस आहे' हे वाक्य थोडे चमत्कारिक वाटणारच.

हौशीच्या सायकलचा इतिहासही काही स्वच्छ नाही. अमेरिकेत 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही हौशी सायकलस्वारांची सर्वांत मोठी संघटना. चांगले रस्ते व्हावेत म्हणून तिने चळवळ केली. याच संघटनेने १८९४ साली ठराव केला, की सभासद फक्त गोरेच असतील! रविवारी एकत्र सायकल चालवायला कातडीचा रंग आडवा आला. त्याच काळात मेजर टेलर नावाचा काळा तरुण सायकल शर्यतीत उतरला. गोरे स्पर्धक त्याला घेरत, पाडत, धमकावत. तरीही १८९९ साली माँट्रियल येथे तो जगज्जेता ठरला. पुढे १९३२ साली शिकागोत तो कंगाल अवस्थेत मेला आणि बेवारसांच्या दफनभूमीत पुरला गेला. त्या संघटनेला आपला जुना ठराव औपचारिकपणे धिक्कारायला १९९९ साल उजाडले. शंभर वर्षांहून अधिक! आपल्याकडच्या क्लबांत असा लेखी ठराव कुठे नाही. सायकलची किंमत, जर्सीची किंमत, फेरीनंतरच्या नाश्त्याचे ठिकाण आणि बोलण्याची भाषा एवढ्यावर चाळणी आपोआप लागते.

एवढे सगळे असूनही माझे म्हणणे असे आहे, की आपल्या नोकरदार, मध्यमवर्गीय झालेल्या बांधवांनी पुन्हा सायकलवर बसले पाहिजे. कारण भावनिक नाही, रक्तातल्या साखरेचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अहवाल २०२३ साली आला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या कुठल्याही वसाहतीत चाळिशी ओलांडलेल्या दहा माणसांना विचारा. गोळीचे नाव न सांगणारा विरळा. अंगमेहनतीतून सुटून खुर्चीवर आलेली ही आपली पहिली-दुसरी पिढी. शरीराला बसण्याची सवय नव्हती, ती एकदम लागली. चळवळीचे कार्यकर्ते तर सभा, बैठका, प्रवास, अवेळी जेवण आणि कपावर कप चहा यांतच पन्नाशी गाठतात. मग बायपास!

मग किती चालवायची आणि किती वेळा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. जोरकस असेल तर निम्मा पुरतो. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम. साधी सायकल ताशी पंधरा किलोमीटरने चालवली की एवढा दम लागतो. १५० मिनिटांचे झाले साडेसदतीस किलोमीटर. शंभर-सव्वाशेचा आकडा ऐकून घाबरण्याचे कारणच नाही. आठवड्याला चाळीस किलोमीटरमध्ये काम भागते.

ते एकाच दिवशी करावे की वाटून? यावर पूर्वी डॉक्टर मंडळी ठामपणे सांगत, की वाटूनच करा. २०२३ साली ब्रिटनमधल्या जवळजवळ ९० हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळपास तितकाच कमी होता, जितका तो रोज थोडा थोडा करणाऱ्यांना. तेव्हा रविवारच्या सायकलस्वाराची टिंगल करण्यात अर्थ नाही. ज्याला रविवारच मिळतो, त्याने रविवारी तीन तास चालवावी. हृदयाच्या दृष्टीने ती वाया जात नाही.

मधुमेहाचे गणित मात्र वेगळे आहे. व्यायाम केला की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा गुण एक-दोन दिवस, फार तर तीन दिवस टिकतो. पुढे शरीर पुन्हा मूळ पदावर. म्हणूनच मधुमेहींना सल्ला असतो, की आठवड्यातून निदान तीन दिवस व्यायाम करा आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. रविवारी ऐंशी किलोमीटर मारून शनिवारपर्यंत खुर्चीत बसणाऱ्या मधुमेहीपेक्षा, एक दिवसाआड दहा किलोमीटर चालवणारा फायद्यात राहतो. चार दिवस, चाळीस चाळीस मिनिटे, एवढाच आपल्या माणसाचा हिशेब असावा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. चढावर साखर उतरली तर भोवळ येते. आणि सीट उंच करावी. टाच पायडलवर खालच्या टोकाला ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे सीट पार खाली बसवून गुडघे छातीला लावत चालवतात, आणि मग 'सायकलने गुडघे गेले' म्हणतात.

सर्वांत चांगला मार्ग कामावरच सायकलने जाण्याचा. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या संशोधकांनी तीस हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २००० साली मांडले, की कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त होता. आणि हे फावल्या वेळचा व्यायाम हिशेबात धरूनही. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या २०१७ च्या अभ्यासातही तसेच निघाले. यात हौस वेगळी काढावी लागत नाही, दिवस आपोआप पाच-सहा भरतात.

वाचक म्हणतील, मग आपला सिक्युरिटी गार्ड तर आरोग्याचा पुतळाच असायला हवा! तो ४०० मिनिटे चालवतो. मग तो पन्नाशीत म्हातारा का दिसतो? याचेही उत्तर विज्ञानात आहे. २०१८ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसले, की कामावर जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त होता. मोकळ्या वेळेतला व्यायाम तारतो, आणि कामावरची मेहनत झिजवते! कारणे समजण्यासारखी आहेत. हौशी माणूस तासभर दमतो आणि मग आंघोळ, नाश्ता, विश्रांती. कामगार दहा-बारा तास उभा असतो, ओझी उचलतो, मनाप्रमाणे थांबू शकत नाही, अर्धपोटी असतो, झोप तुटकी असते आणि वर धूर. त्याची सायकल त्याला मदतच करत असणार. बाकीचे तेवीस तास ती मदत खाऊन टाकतात.

म्हणून आठवड्याला किती वेळा हा प्रश्न शेवटी फावल्या वेळेपाशी येतो. फावला वेळ आकाशातून पडत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ साली आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. सहा तास कामगाराला परत मिळाले. सहा तासांत काय काय होते! अभ्यास होतो, सभा होते, मुलांना जवळ घेऊन बसता येते. आणि सायकलवर नुसते भटकताही येते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास, आणि दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा तास करण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती घेऊ, जादा कामाचा मोबदला देऊ, असे सांगण्यात आले. कंत्राटी कामगाराची संमती कशी घेतली जाते, हे कंत्राटदाराला आणि आपल्याला, दोघांनाही ठाऊक आहे. बारा तास कारखान्यात, दीड तास जाण्यायेण्यात. आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटे त्याने कुठून आणायची? व्यायामाचा सल्ला देणारे पोस्टर दवाखान्यात लावणारे सरकार आणि तासांची मर्यादा वाढवणारे सरकार एकच आहे!

आणि बायांचे काय? मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. चार किलोमीटरवरची शाळा धरली तर पोरगी आठवड्याला अठ्ठेचाळीस किलोमीटर चालवते. आरोग्य संघटनेचा कोटा पुरा करून वर उरतो. बारावी झाली, लग्न झाले, की सायकल धाकट्या भावाकडे. पुढे आयुष्यभर त्या बाईच्या नावावर शून्य किलोमीटर. रविवारच्या थव्यांत बाया दिसू लागल्या आहेत, पण त्या ज्या घरांतल्या असतात, तिथे पहाटे डबे करायला दुसरी बाई येते. ती कुठून, कशी येते? बहुधा पायी. आपल्या वस्तीत पन्नाशीची बाई सायकलवर दिसली तर आपणच आधी हसू, हेही मान्य केले पाहिजे.

इंग्लंडमध्ये १८९४ साली 'क्लॅरिअन' नावाच्या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी बर्मिंगहॅम शहरात सायकल क्लब काढला. कामगारच होते ते. रविवारी गावोगाव सायकलने जायचे, मोकळी हवा खायची, जाता जाता पत्रके वाटायची, पेपर विकायचा. बघता बघता गावोगावी शाखा निघाल्या. त्यांनी हौस आणि चळवळ यांत भांडण लावले नाही. आपल्याकडे सायकल रॅली निघते ती १४ एप्रिलला, वर्षातून एकदा. तीही आता बहुतेक ठिकाणी मोटारसायकलींची झाली आहे, हॉर्न आणि धुरासकट. वर्षातून एकदा चालवलेल्या सायकलने ना शरीराला काही होते, ना संघटनेला.

त्यापेक्षा प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत दोन साध्या सायकली ठेवाव्यात. गिअरच्या नकोत, दुरुस्तीला सोप्या, सात-आठ हजारांच्या. एक हवेचा पंप, पान्हे, पंक्चरचे सामान. रविवारच्या वंदनेनंतर ज्यांना जमेल त्यांनी शेजारच्या वस्तीपर्यंत जाऊन यावे, तिथल्या लोकांना भेटावे, पेपर द्यावा. गार्डची ड्युटी करणाऱ्याला त्या दिवशी बोलावू नये. त्याला झोपू द्यावे. भिंतीवर एक तक्ता लावावा. नाव, किती दिवस, किती किलोमीटर. आणि किलोमीटरचे दोन रकाने, एक कामासाठी, एक स्वतःसाठी. बायांची नावे त्याच तक्त्यावर, वेगळी नकोत. दर तीन महिन्यांनी त्याची प्रत नगरसेवकाकडे आणि महापालिकेच्या पथ विभागाकडे द्यावी, वेळ आणि रस्ता लिहून. ॲपवाल्यांच्या नोंदी जर आराखड्याला चालतात, तर विहाराच्या तक्त्याला नाही कसे म्हणतील?

पहिल्या महिन्यात दुसरा रकाना बहुतेकांचा कोराच राहील. राहू द्या. तो कोरा का राहिला, हे महिन्याच्या बैठकीत प्रत्येकाला विचारावे, आणि जे सांगतील तेही त्याच तक्त्यावर लिहून ठेवावे.